मोबाइलवर एवढे भारी ग्राफिक्स असताना मित्र जमवून टेक्स्ट ॲडव्हेंचर आणि टेबलटॉप गेम खेळण्यात नक्की काय मजा आहे?

मजा भांडणात आहे. खेळाचा नंबर नंतर लागतो.

आमची टोळी इंदूरची, शनिवारी रामबागेत एकाच्या घरी माडीवर जमते. टेक्स्ट ॲडव्हेंचर, म्हणजे नुसत्या मजकुरातून उलगडणारा कॉम्प्युटरवरचा खेळ, एकट्याने खेळायचा असतो असा समज आहे, पण खरी गंमत लॅपटॉप एक आणि सल्लागार चार असले की येते. ‘कलोसल केव्ह ॲडव्हेंचर’चंच बघा. विल क्राउदर हा प्रोग्रामर स्वतः गुहा पालथ्या घालणारा. केंटकीतल्या मॅमथ केव्हवर बेतून त्याने १९७०च्या दशकाच्या मध्यात हा खेळ लिहिला आणि १९७७मध्ये डॉन वुड्सने तो बराच वाढवला. पडद्यावर फक्त मजकूर. आपण एक-दोन शब्दांत हुकूम सोडायचा, आणि त्यातलीही पहिली पाच अक्षरंच तो वाचतो.

त्यात एक पक्षी आहे. पिंजरा हातात असला तरी तो पकडता येत नाही. आमच्यात कोणी म्हणे दाणे टाक, कोणी म्हणे मार त्याला. मग इतका वेळ शेव खात बसलेला एक जण म्हणाला, “अरे, हातातली ती काळी काठी खाली ठेव ना, घाबरतोय तो.” उत्तर तेच होतं! बाकी तो पोपट की मैना यावरही वाद झाला. खेळात नुसतं ‘पक्षी’ म्हटलंय, त्यामुळे निकाल लागायची सोयच नाही. पुढे एक भूलभुलैया येतो, सगळ्या वाटांचं वर्णन हुबेहूब सारखं. तिथे खूण म्हणून जवळच्या वस्तू एकेका जागी टाकत जायचं. आमचा नकाशा कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर आहे.

टेबलटॉप म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन तोंडी रचायची गोष्ट. त्यात उत्तर द्यायला यंत्राऐवजी मित्र बसतो, आणि मित्राला पटवता येतं. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, त्याच चालीवर आमची गोष्ट मांडूच्या जुन्या किल्ल्यात घडते. तिथल्या जहाज महालाजवळची चंपा बावडी, म्हणजे विहीर, आणि तिच्या तळाशी असलेल्या गार खोल्या म्हणजे आयतंच तळघर. एरवी बँकेत काम करणारा आमचा मित्र खेळात चोर आहे. पंधराव्या शतकातल्या सुलतानाच्या पहारेकऱ्याला तो बिनधास्त म्हणाला, “भिया, नर्मदा लाइनवरून आलोय, पाइप बघायचाय.” कॉम्प्युटर म्हणाला असता, समजलं नाही. आमच्या गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या मित्राने, वीस बाजूंचा फासा टाकायला लावला. पडले एकोणीस! आकडा मोठा, म्हणजे थाप पचली. मग काय, पहारेकरी बाजूला झाला, पण सुलतानानेच बोलावून घेतलं आणि राहिलेली संध्याकाळ चोरसाहेब महालात पाणी चढवत होते. खजिना राहिला तसाच. हे कोणी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि ग्राफिक्स कितीही भारी असले तरी एवढी लवचीकता त्यात मला अजून दिसलेली नाही.

सुरुवात करायची तर चार-पाच जण पुरे. जास्त झाले की शेवटचा फोन काढून बसतो. जाडजूड नियमपुस्तक विकत घेऊ नका, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे प्राथमिक नियम ऑनलाइन फुकट मिळतात. फासा नसेल तर डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. यात कमीपणा नाही, १९७९मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीनेच खेळाच्या खोक्यात आकड्यांचे कागदी तुकडे घालून विकले होते. इंग्रजीची धास्ती असेल तर एकाने वाचून मराठीत सांगावं, हुकमाला लागणारी क्रियापदं मोजकीच असतात.

आणि इंदूरचे असाल तर सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार खेळ संपल्यावर. गराडू, म्हणजे तळलेला कंद, घरी आणून खेळायला बसलात तर फाशाला तेल आणि जीरावन मसाला लागतो, आणि मग तो टाकला की घरंगळला यावर वेगळी पंचायत बसते.