ॲमेझॉनचं इतकं ओलं जंगल पेटतं कसं?
आपोआप जवळजवळ नाहीच. अखंड जंगलात झाडांखाली इतका दमटपणा असतो की पाचोळा काडी लावूनही नीट पेट घेत नाही. पण गुरांच्या कुरणांसाठी मधले पट्टे तोडले की जंगलाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेने ऊन-वारा आत घुसतो. ब्राझीलमध्ये मनौसजवळ १९७९ पासून अशा तुकड्यांचा अभ्यास चाललाय. कडेपासून साधारण १०० मीटरपर्यंत मोठी झाडं जास्त मरताना दिसली. पाचोळा वाढतो, कुरकुरीत होतो. मग शेजारच्या कुरणात गवत जाळलं की आग हळूच आत सरकते. पहिली आग किरकोळ वाटते, ज्वाळा गुडघ्याच्याही खाली. पण तिथल्या बऱ्याच झाडांची साल पातळ, त्यामुळे बुंधे भाजतात आणि झाडं पुढे वर्षानुवर्षं मरत राहतात. दुसरी आग खरी घातक, कारण तोवर सरपण तयार असतं.