वाचकांचे प्रश्न : डिझेल गाडीचा फुटलेला प्रायमर आणि दहा दिवसांची सोय

प्रश्न : आमच्याकडे २०१३ सालची कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी) डिझेल हॅचबॅक आहे. तीन आठवड्यांपासून सकाळी ती सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागत होता आणि टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास वाढत असे. गेल्या सोमवारी ठाण्याहून परतताना विटाव्याच्या रेल्वे पुलाजवळ ती बंदच पडली. टाकी आणि फिल्टर यांच्यामधला, हाताने दाबून डिझेल चढवायचा रबरी फुगा, म्हणजे प्रायमर, मानेजवळ तडकल्याचे मेकॅनिकने दाखवले. हा भाग पाइपासह एकत्रच मिळतो आणि तो यायला दहा दिवस लागतील. तोवर फिल्टर वगळून टाकीकडची नळी थेट पंपाला जोडू, असे मेकॅनिक म्हणतो. शेजाऱ्यांच्या मते तडकलेल्या जागी एम-सील लावले तरी पुरे. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ठाण्याला न्यावे लागते. काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : फुगा काही दिवस वगळता येतो, फिल्टर मात्र एक दिवसही वगळू नये. आपल्या मेकॅनिकने दोष अचूक शोधला आहे, पण उपाय सुचवताना या दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत.

आपण दिलेल्या लक्षणांवरून आपल्या गाडीत इंजिनाकडचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो, असे दिसते. अशा गाडीत ही वाट ओढीची असल्यामुळे तडा गेला तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते आणि रात्रभरात नळीतले डिझेल टाकीकडे उतरते. टाकीतली पातळी जितकी खाली, तितकी ओढ जास्त. म्हणूनच अर्ध्या टाकीनंतर आपला त्रास वाढत होता. टाकीतच विजेचा पंप असलेल्या गाड्यांत ही वाट दाबाची असते आणि तिथे गळती उघड दिसते, त्यामुळे पुढचे सगळे आपल्या प्रकारच्या गाडीपुरते समजावे.

एम-सीलचा विचार सोडून द्यावा. डिझेल मुरलेल्या रबरावर ते नीट धरत नाही आणि इंजिनाच्या थरथरीने सुटलेला त्याचा कण नळीतून पुढे जाऊ शकतो. त्याऐवजी फुगा कापून काढावा, दोन्ही टोकांचे मूळ कनेक्टर तसेच ठेवावेत आणि मधल्या जागेत त्याच आतील व्यासाची, डिझेलला टिकणारी नायट्राइल रबराची विणीची नळी घालावी. मूळ पाइप कडक नायलॉनचा असेल तर त्यावर नुसती रबरी नळी चढवून क्लॅम्प आवळू नये, कारण आवळताना पाइप दबतो आणि हवा पुन्हा शिरते. दोन्हीकडे खाचांचे पितळी जॉइंट घालून त्यांवर स्क्रूचे क्लॅम्प लावावेत. तारेचे क्लॅम्प नकोत. पारदर्शक प्लास्टिकची नळी बुडबुडे तपासण्यापुरती पाच-दहा मिनिटे लावावी. गरम इंजिनाजवळ ती टिकत नाही.

फुग्याच्या आत डिझेल मागे जाऊ न देणाऱ्या झडपा असतात, ही बाब अनेकदा विसरली जाते. फुगा गेला की त्याही जातात, म्हणून नळीत एक लहान नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्यावरचा बाण फिल्टरकडे ठेवून, बसवून घ्यावा. तो मिळाला नाही तर टाकी अर्ध्याच्या वर ठेवावी आणि उतारावर गाडी नाक वर करून उभी करू नये.

जोडणी झाल्यावर हवा काढण्यासाठी फिल्टरच्या पुढच्या तोंडाला मोठी सिरिंज लावून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल ओढावे आणि मगच नळी पंपाला जोडावी. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये दोन मिनिटे थांबावे. या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, तेव्हा तो कोरडा फिरवणे म्हणजे त्याला झिजवणे. जुन्या डिझेल गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक हवा काढायला इंजेक्टरचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचे) नट सैल करून सेल्फ मारत. कॉमन रेल गाडीत हे कोणालाही, कधीही करू देऊ नका. त्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो. सुटलेली धार कातडी भेदून आत जाते, वरून केवळ टाचणी टोचल्यासारखे दिसते आणि तरीही तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. या जास्त दाबाच्या बाजूला बिघाड असेल तर तात्पुरता उपाय नाहीच, गाडी टो करूनच न्यावी.

आता फिल्टरबद्दल. कॉमन रेलचा पंप आणि इंजेक्टर यांमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ आणि पावसाळ्याच्या दमट हवेत टाकीत साचणारे पाणी फिल्टरच अडवतो. तो वगळून दहा दिवस चालवलेल्या गाडीत पंप खरवडला गेला, तर त्याचा धातूचा चुरा रेल आणि चारही इंजेक्टरपर्यंत पोहोचतो, आणि मग दहा दिवसांच्या सोयीपायी सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते. नळीचा व्यास जुळत नाही, अशी मेकॅनिकची अडचण असेल, तर वेगवेगळ्या मापांच्या दोन तोंडांचा पितळी जॉइंट हार्डवेअर किंवा होजच्या दुकानात मागावा.

वडिलांच्या फेऱ्यांबाबत मात्र मला काळजी वाटते. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. ठाणे-बेलापूर मार्गावरच्या अवजड वाहनांत हे धोक्याचे आहे. सोय केल्यावर पहिले दोन दिवस ऐरोलीतच जवळच्या फेऱ्या मारून पाहाव्यात, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका दमात सुरू होते का ते बघावे, क्लॅम्प पुन्हा आवळून खाली ओल नाही याची खात्री करावी. तोवर डायलिसिसच्या दिवशी टॅक्सीने किंवा रिक्षाने जावे. एकदाही इंजिन अडखळले, तर मूळ भाग येईपर्यंत गाडी उभीच ठेवावी. तो बसवताना फिल्टरही नवा घालून घ्यावा.