पोहताना कासव कलतंय? मग डोळ्यांचे थेंब राहू द्या

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. लाल कानाचं कासव, वय चार वर्षं, पाच दिवस खाणं बंद, डोळे सुजलेले, दिवसभर टाकीतल्या ऊब घ्यायच्या फळीवर पडून आणि पाण्यात सोडलं की डावी बाजू वर. ही तर आमची ठमीच, माझं कासव. घरचे म्हणतायत थंडीची झोप लागलीय, आणि तुम्ही विचारताय की डोळ्यांत कुठले थेंब घालू. मीही अगदी हेच विचारत होते, आणि त्यात माझे बारा दिवस गेले.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सोळा वर्षं कासवं पाळलीत आणि एक मरता मरता वाचवलंय, माझी लायकी एवढीच. पाणी बदलणं, फिल्टर धुणं वगैरे तुम्ही करत असालच, त्यात शिरत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये मला खरी भीती वाटली ती कलण्याची. डोळे बऱ्याच कारणांनी सुजतात. पण पोहताना एक बाजू वर, एक खाली आणि सोबत सुस्ती, म्हणजे पहिला संशय न्यूमोनियाचा. कासवाची फुफ्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात आणि तीच त्याला पाण्यात तोलून धरतात. एका फुफ्फुसात पाणी भरलं की ती बाजू जड होऊन खाली जाते. शिवाय कासवाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतं, त्यामुळे खोकून आतली घाण बाहेर टाकता येत नाही. ती साचतच जाते. कधीकधी पोटातल्या वायूनेही कासव वाकडं तरंगतं, हे खरं. पण ते ठरवायचं एक्स-रे बघून, आपण घरी बसून नाही.

आता माझी चूक. टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटवायची ती रंग बदलणारी तापमानाची पट्टी असते ना, तिच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. पट्टी २६ दाखवत होती. हीटरचा लाल दिवा लागलेला होता. मग पाणी गरमच असणार, नाही का? रोज सकाळी चहा घेता घेता मी पट्टी बघायची आणि समाधानाने ऑफिसला जायची. बाराव्या दिवशी नणंदेने सहज पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "अगं, हे तर नळाच्या पाण्यासारखं गार आहे." स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर आणून बुडवला, तर १९! पट्टी नेमकी फळीवरच्या दिव्याच्या झोतात चिकटवलेली होती, म्हणजे ती पाण्याचं नाही, तापलेल्या काचेचं तापमान सांगत होती. हीटर आतून कधीच मेला होता, दिवा मात्र लागत राहिला. गार पाण्यात कासवाची पचनशक्ती आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. ठमी "झोपली" नव्हती, तिच्यात काही करायचं त्राणच उरलं नव्हतं. आणि खरीच थंडीची झोप असती, तरी आजारी कासवाला तशी झोपू द्यायची नसते.

मधल्या काळात मी दवाखान्यात गेले नाही असं नाही. नाव घेणार नाही. फोनवरच्या बाई हसून म्हणाल्या, "कासव आजारी पडलेलं कळतं कसं हो?" आत डॉक्टरांनी दोन मिनिटांत डोळे बघितले, अ जीवनसत्त्वाची कमतरता आहे म्हणाले, इंजेक्शन टोचलं आणि थेंब लिहून दिले. खाते काय, पाणी किती गरम, पोहते कशी, एक प्रश्न नाही. आठवड्याने पुन्हा तेच इंजेक्शन. ही कमतरता असते, नाही असं नाही. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवांचे डोळे तिच्यामुळे सुजतात. पण ठमी लहानपणापासून कासवांच्या खाद्याच्या चांगल्या गोळ्या आणि पालेभाजी खात आली होती. अ जीवनसत्त्व जास्त झालं की कासवाची कातडी सुटते, तशी तिच्या मानेची आणि मागच्या पायांची सुटली. न्यूमोनिया होताच, वर हे. त्या दवाखान्यावर राग आहेच, पण त्याहून जास्त स्वतःवर आहे, कारण ती वाकडी पोहतेय हे मी त्यांना सांगितलंच नाही. मला ते गमतीशीर वाटलं होतं. मोबाईलवर व्हिडिओसुद्धा काढला होता!

म्हणून तुम्ही जाताना व्हिडिओ घेऊन जा. आधी फोन करून स्पष्ट विचारा की सरपटणारे प्राणी नियमित बघता का. "सगळे प्राणी बघतो" हे उत्तर मला पुरत नाही. एक्स-रे काढला तर एक समोरून, म्हणजे डोक्याच्या दिशेने हवा असं सांगा. त्यात दोन्ही फुफ्फुसं शेजारी शेजारी दिसतात आणि फरक लगेच कळतो. ठमीचं उजवं पांढरंफटक होतं. पुढे दर ७२ तासांनी इंजेक्शन, असे सहा आठवडे. औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मात्रा वजनावर असते आणि कोणीतरी अंदाजाने देऊन बसेल. एक नाव मात्र लिहिते, ते टाळण्यासाठी: आयव्हरमेक्टिन. कुत्र्यांना सर्रास देतात, कासवाचा जीव जातो. जंतांचं औषध देणार असतील तर कुठलं ते विचारा.

दवाखान्यात जाईपर्यंत पाणी कमी करा, इतकं की मान वर केली की नाक बाहेर यावं. अशक्त कासव बुडू शकतं, हे अनेकांना पटत नाही. पाणी हळूहळू २८ च्या आसपास आणा, एकदम नको. जबरदस्तीने भरवू नका. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा नाकातून फुगे येत असतील तर उद्यावर ढकलू नका.

पोस्टच्या शेवटी तुम्ही पाठीवरचे पातळ पापुद्रे निघतायत म्हणून घाबरलात, त्याचं टेन्शन घेऊ नका. कागदासारखे पारदर्शक निघत असतील आणि खालचं कवच टणक असेल तर ती नेहमीची वाढ. मऊ खड्डा आणि घाण वास आला तर वेगळी गोष्ट. आणि तो यूव्हीबी दिवा, उन्हातले अतिनील किरण देणारा, काचेच्या झाकणावर ठेवलाय ना फोटोत? काचेतून ते किरण जात नाहीत, झाकण काढा. दिवा लागतो म्हणजे किरण येतात असंही नाही, वर्षभरात तो बदलावाच लागतो. (ठमीच्या हीटरसारखंच. दिव्यांवर माझा आता विश्वासच नाही.) हात साबणाने धुताय ना? साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू ठणठणीत कासवाच्या अंगावरही असतो.

ठमी आता अकरा वर्षांची आहे. खाते, भांडते, फळीवरून धपकन उडी मारते. अजून जरा उजवीकडे कलूनच पोहते, ते काही गेलं नाही. दर रविवारी तिला वजनकाट्यावर ठेवते आणि वजन कॅलेंडरवर लिहिते. दोन आठवडे सलग उतरलं की थेट डॉक्टर.

तुमच्याही फोटोत काचेवर तीच पट्टी दिसतेय. आज रात्री पाण्यात खरा थर्मामीटर बुडवा आणि आकडा इथे टाका, मी बघते आहे.