घरच्या बँडमधली बाहेरची मुलगी

प्रिय ताई,

तुमची मुलगी अठरा वर्षांची. शिकागोत शेजारच्या आयरिश-अमेरिकन कुटुंबाच्या बँडमध्ये चार वर्षं फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवते आणि आता कॉलेजला न जाता त्यांच्यासोबतच फिरायचं म्हणते. ‘तिला कसं थांबवू?’ असं तुम्ही विचारलंय. थांबवू नका. पण त्या बँडमध्ये आपली जागा नेमकी काय, हे तिला आधी शोधू द्या.

आयरिश लोकगीतं गाणाऱ्या क्लॅन्सी बंधूंचं नाव तिने त्या घरात ऐकलं असेलच. पॅडी, टॉम आणि लिअम हे आयर्लंडमधल्या टिपररी परगण्यातल्या कॅरिक-ऑन-शुअर गावचे. थोरले दोघे न्यूयॉर्कमध्ये नाटकं करायचे आणि नाटकाचा खर्च भागवायला मध्यरात्री गाण्याचे कार्यक्रम लावायचे. मार्च १९६१ मध्ये एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात ठरल्यापेक्षा जास्त वेळ मिळाला आणि देशभर नाव झालं. पण तोवर पॅडी रेकॉर्ड कंपनीही चालवत होता. नुसत्या गाण्यावर त्यांचं घर चाललं नव्हतं.

त्यांच्यातला चौथा, टॉमी मेकम, भाऊ नव्हता. तो उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यातल्या कीडी गावचा. त्याची आई सारा स्वतः नावाजलेली लोकगायिका. बँडचं नाव होतं ‘क्लॅन्सी ब्रदर्स अँड टॉमी मेकम’. १९६९ मध्ये तो एकटा बाहेर पडला, तेव्हा श्रोते त्याला त्याच्या नावाने ओळखत होते. तुमच्या मुलीचं नाव कुठे छापलं जातं?

घरच्या बँडचा हिशेब जेवणाच्या टेबलावर होतो आणि बाहेरच्याला तो कळत नाही. एका कुटुंबाच्या वाद्यवृंदात दहा वर्षं तबला वाजवलेला मुलगा माझ्याकडे आला होता, तेव्हा त्याच्या हातात एकही कागद नव्हता. म्हणून बिदागीतला वाटा, प्रवासखर्च आणि तिने स्वतः रचलेल्या धुनांचा हक्क लिहून घ्या. पारंपरिक धून सगळ्यांची असते, नवी रचना मात्र तिची. विचारल्याने घरोबा तुटत नाही.

सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणामुळे मार्च भरगच्च जातो आणि ऑगस्टमध्ये तुमच्या जवळच मिलवॉकीचा आयरिश फेस्ट असतो. अधले महिने कसे जातात, ते तिने वर्षभर वहीत मांडावं. कॉलेजचा प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, ते लगेच विचारा. आयर्लंडमध्ये लिमरिक विद्यापीठात पारंपरिक संगीताची पदवीही घेता येते, तीही पाहा.

आणखी एक. तुमच्या चार पानी पत्रात ती कशी वाजवते, याबद्दल एक ओळ नाही. पुढच्या कार्यक्रमाला जाऊन बसा, शेवटपर्यंत ऐका आणि मग मला पुन्हा लिहा.