नारळाच्या सोडणांचा (वरच्या काथ्याच्या सालींचा) फिल्टर करून विहिरीच्या पाण्यातले लोह आणि शिसे घरच्या घरी काढता येते का? सुंगटांच्या (कोळंबीच्या) साली चालतील का?

येते. पण लगेच सोडणे गोळा करायला धावू नका. हा उद्योग मी करून बसलोय आणि आमच्या घरात त्याची टिंगल अजून संपलेली नाही.

एम.एस्सी.ला माझा प्रकल्प सोडणाच्या भुश्शावरच होता. डिस्टिल्ड वॉटरमध्ये लेड नायट्रेट (शिशाचा क्षार) विरघळवायचे, भुस्सा टाकून शेकरवर म्हणजे हलवत राहणाऱ्या यंत्रावर ठेवायचे, गाळायचे, उरलेले शिसे मोजायचे. आकडे इतके देखणे यायचे की विचारू नका. त्याच भरात २००९च्या गणेश चवथीला मामाकडे गेलो. मामाचे घर गोव्यात डिचोली तालुक्यात, मयेच्या बाजूला. विहिरीवरून पंपाने येणारे नळाचे पाणी लालसर, न्हाणीतली बादली आतून तांबूस, मामीची पांढरी पातळे पिवळी पडलेली. म्हटले, मामा, मी बघतो.

निळ्या पिंपाला तळाशी भोक पाडले, खाली रेती, वर भुस्सा दाबून भरला. पहिली कळशी भरली ती कोऱ्या चहाच्या रंगाची! सोडणातले टॅनिन, म्हणजे चहात असते तसले तुरट रंगद्रव्य, सुटते. प्रयोगशाळेत मी भुस्सा आधी आम्लाने आणि मग पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घ्यायचो. इथे घाईत एकदाच खळबळवला होता. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला सगळे घर जमलेले. मामा म्हणाला, "साकर घाल रे, भटाक दिवया." (साखर घाल, भटजींना देऊ.)

अपमान झोंबला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या भरून घेतल्या. एक विहिरीतून दोरीने ओढलेल्या पाण्याची, दुसरी नळाची. तपासले तर विहिरीत लोह किरकोळ, नळाच्या पाण्यात कितीतरी पट. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतले आपल्याकडचे पाणी बहुधा मऊ आणि थोडे आम्लधर्मी असते, ते जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) जुना पाईप खात बसते. मामा म्हणे, लोहखनिजाच्या खाणींचे पाप पाईपावर ढकलतोस. खाणींनी शेतांत लाल गाळ आणला, शिरगावच्या विहिरी आटवल्या, हे मला कुणी शिकवायला नको. पण २०१२ला खाणी बंद झाल्यावरही मामाच्या नळाचे पाणी लालच होते, त्याचे काय?

तर तुम्हीही आधी अशाच दोन बाटल्या भरा आणि तपासून घ्या. लोहच असेल तर सोडण कशाला हवे? पाणी उंचावरून पसरट टाकीत ओता, रात्रभर ठेवा, हवा लागून गंज खाली बसतो, वरचे पाणी रेतीतून गाळा. मँगनीज मात्र इतक्या सहज बसत नाही.

शिसे सोडणाला चिकटते, खरे आहे. पण पाणी आम्लधर्मी असले की त्यातले हायड्रोजन आयनच भुश्शावरच्या चिकटायच्या जागा अडवतात, आणि विहिरीतले कॅल्शियम, लोह रांगेत असतातच. 'नव्व्याण्णव टक्के शिसे निघते' असे वाचून भुलू नका. एका लिटरला भुस्सा किती, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) किती, ते विचारा. पीएच सहाच्या वर चढवला की शिसे हायड्रॉक्साइड होऊन आपणच खाली बसू लागते आणि श्रेय भुश्शाला जाते. माझ्या आलेखातला तसला एक बिंदू काढून टाका म्हणून मी मार्गदर्शकांच्या मागे लागलो होतो. नाही काढला. सर्वांत सुंदर बिंदू तोच होता.

शिवाय धातूने भरलेला भुस्सा टाकणार कुठे? मामीने माझा कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) केळीच्या मुळाशी ओतला. लोह होते म्हणून निभावले. शिसे असते तर जमिनीत, आणि पावसाळ्यात पुन्हा विहिरीकडे.

सुंगटांच्या सालींपासून कायटोसान होते, तेही धातू पकडते, पण त्यासाठी आधी हायड्रोक्लोरिक आम्ल, मग कडक कॉस्टिक सोडा लागतो. स्वयंपाकघरात नको.

हे खरे तर सुरुवातीलाच लिहायला हवे होते: तपासणीत शिसे निघाले तर पिंपाच्या फिल्टरवर विसंबू नका, ते पाणी पिणे आणि त्यात रांधणे बंद करा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. भुस्सा भरून गेला, आता शिसे पकडत नाही, हे ना डोळ्यांना कळेल, ना जिभेला.

मामाने मागच्या वर्षी पंप बदलताना प्लंबरच्या सांगण्यावरून पीव्हीसी पाईप टाकला. बादली आता पांढरी राहते. प्लंबर हुशार आहे, असे मामा सगळ्यांना सांगतो.