मठाचे महाराज आमदारकीला उभे राहू शकतात का?

तुमचा प्रश्न असा की तुमच्या भागातल्या मठाचे महाराज आमदारकीला उभं राहायचं म्हणतायत, तर घटनेत धर्मगुरूंना बंदी आहे ना? नाही, अशी बंदी नाहीये. आमदार व्हायला काय लागतं ते कलम १७३ मध्ये आहे, अपात्र कोण ते १९१ मध्ये, दोन्हीत साधू, मौलवी, पाद्री असा शब्दच नाही. घटना समितीत तर जेरोम डिसूझा नावाचे जेझुइट (कॅथलिक संघातले) फादर स्वतः सदस्य होते, आणि आत्ताचं बघायचं तर गोरखनाथ मठाचे महंत २०१७ पासून यूपीचे सीएम आहेतच.

आणि बंदी नाही हे मला मनापासून योग्य वाटतं. अमेरिकेत टेनेसी राज्यात १७९६ पासून धर्मोपदेशकांना विधिमंडळाची दारं बंद होती, मॅक्डॅनियल नावाच्या बॅप्टिस्ट पाद्रींनी भांडून ते प्रकरण सुप्रीम कोर्टात नेलं आणि १९७८ मध्ये ८-० ने ती बंदी गेली. एकतर पूजापाठ कर नाहीतर नागरिकाचा हक्क घे, असं सरकारने कुणाला सांगणं म्हणजे धर्मस्वातंत्र्य काढूनच घेणं झालं ना. कॅथलिक चर्च आपल्या फादरना सत्तेचं पद घेऊ देत नाही, पण तो चर्चचा नियम, सरकारचा नाही, ही गल्लत खूप लोक करतात.

आता खरी मेख इथे आहे. उभं राहायला मोकळीक आहे, धर्माच्या नावाने मतं मागायला नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. आपल्या मुंबईतल्या विलेपार्ल्यात १९८७ च्या पोटनिवडणुकीत जिंकलेले रमेश प्रभू पेशाने डॉक्टर होते, कुठल्या मठाचे नव्हते, तरी प्रचारात धर्माच्या नावाने मतं मागणाऱ्या भाषणांमुळे निवडणूक रद्द झाली आणि १९९५ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून चाललेल्या केसमध्ये २०१७ ला ७ न्यायाधीशांनी ४-३ ने सांगितलं की उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. आणि मत दिलं नाहीत तर देव कोपेल असं कुणी सांगितलं तर तोही गैरप्रकार, पंजाबात नामधारी या शीख पंथाच्या गुरूंनी अनुयायांना एका उमेदवाराला मत द्यायचा हुकूम काढला होता म्हणून १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने जिंकलेल्याची निवडणूक रद्दच धरली, गुरू तर उमेदवारही नव्हते! महाराजांच्या बाबतीत मला भीती याचीच वाटते, कारण रोज पाया पडणाऱ्या माणसाला ते नुसतं "लक्ष असू द्या" म्हणाले तरी त्याला ती आज्ञाच वाटणार.

मठाच्या हॉलमध्ये प्रचारसभा घेतली तर धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा वेगळा कायदा आहे, व्यवस्थापकाला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ट्रस्टींना हे आत्ताच सांगून ठेवा. आणि प्रचारात असलं काही झालंच तर व्हिडिओ, पत्रकं, तारखा जपून ठेवा, निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करावी लागते आणि ती त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो.