अरब आत्मकथनं वाचायला घेतोयस, तर...

आधी मुखपृष्ठ विसर. बुरख्याआडचे डोळे नि मागे वाळवंट, हे बहुतेक वेळा प्रकाशकाचं डोकं असतं, लेखिकेचं नाही.

सुरुवात फातिमा मर्निसीपासून कर. मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या हरममधलं, म्हणजे घरच्या जनानखान्यातलं, तिचं बालपण, पुस्तक १९९४ चं. 'हरम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाद्या-गिरद्या येतात; इथे आहे भरलेला वाडा, चौक, दारावर राखणदार. पुरुषांच्या दिवाणखान्यातला रेडिओ कुलपात. तरी बायका चोरून कैरो रेडिओ ऐकतात. मुलं भाबडेपणी खरं बोलून जातात आणि घरात किल्लीचा तपास सुरू होतो! त्या एका किल्लीने 'दबलेली मुस्लिम स्त्री' हे चित्र जितकं हलतं, तितकं दहा व्याख्यानांनी हलत नाही. बंधन खोटं नाही, पण बायकाही मुक्या नाहीत. (त्यात कल्पनाही मिसळलेली आहे, दस्तऐवज म्हणून वाचू नकोस.)

मग ताहा हुसेन घे, इजिप्तचा अंध मुलगा. अल-अझहर या कैरोतल्या जुन्या इस्लामी विद्यापीठातल्या घोकंपट्टीवर तो घरचाच माणूस म्हणून चिडतो. विचारवंत एडवर्ड सईद तर जेरुसलेममध्ये जन्मलेला ख्रिस्ती अरब. 'अरब म्हणजे मुसलमान' हे समीकरण तिथेच मोडतं.

आणि हो, एका पुस्तकावरून 'अरब असे असतात' म्हणायला लागू नकोस. मीही ते केलंय.